मेम्फिसचे रेडिओ स्टेशन: ज्या गिऱ्हाइकाकडे कोणी पाहत नव्हते

कापड आणि सुताच्या धंद्यातल्या लोकांना मेम्फिस हे नाव नवे नाही. परदेशी कापसाच्या भावांच्या तक्त्यात 'मेम्फिस टेरिटरी' असा एक प्रकार असायचा आणि गिरणीला माल देणारे दलाल तो भाव तोंडपाठ म्हणून दाखवायचे. आमच्या वडिलांच्या पेढीवर हे नाव आम्ही लहानपणापासून ऐकले. मेम्फिस हे माणसाचे नाव की गावाचे, हे मात्र फार उशिरा कळले. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठावर हे शहर आहे. १८७४ सालापासून तिथे कापूस व्यापाऱ्यांचे एक्स्चेंज आहे. आजूबाजूच्या मुलुखातला कापूस याच शहराच्या वखारींतून बाहेर पडत असे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग युद्ध संपले आणि मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. ही गोष्ट कापूसवाल्यांच्या घरोघर सांगितली जाते. त्या युद्धाच्या मुळाशी जी गुलामगिरी होती, तिच्यातून सुटलेल्या काळ्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. ही गोष्ट एका रेडिओ स्टेशनची आहे, पण तितकीच ती धंद्याचीही आहे, म्हणून ती या पानावर.

स्टेशनचे नाव डब्ल्यूडीआयए. ते ७ जून १९४७ रोजी सुरू झाले. मालक दोघे, जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन. दोघेही गोरे. ताकद अवघी अडीचशे वॅट, आणि परवानगी फक्त दिवसा बोलण्याची. सूर्य मावळला की स्टेशन बंद. शहरात आधीची पाच स्टेशने जम बसवून होती आणि हे सहावे. गोऱ्या शेतकऱ्यांची देशी गाणी लावून पाहिली, हलकीफुलकी लोकप्रिय गाणी लावून पाहिली, जराशी शास्त्रीय वाद्यवृंदाची संगतही लावून पाहिली. जे बाकीचे पाच विकत होते तेच हे सहावे दुकान विकत होते, तेही कमी ताकदीने. व्हायचे तेच झाले. वर्षभरात स्टेशन विकून टाकावे की काय, अशी पाळी आली.

तेव्हा मेम्फिसच्या सुमारे चार लाख वस्तीत दीड लाखाच्या आसपास माणसे काळी होती. दहांतली जवळजवळ चार. शिवाय आजूबाजूच्या कापसाच्या शेतांत लाखो होती. ती माणसे कमवत होती, खात होती, कपडे घेत होती, साबण आणि पीठ घेत होती. पण शहरातल्या एकाही स्टेशनला ती गिऱ्हाईक वाटत नव्हती. थोडीफार काळी गाणी वाजत, थिएटरातला एखादा कार्यक्रम प्रसारित होई, तेवढेच. दिवसभर आपल्याशी आपल्या भाषेत कोणी बोलत आहे, असे कुठेच नव्हते.

दुकानाचा दरवाजा उघडा, पण आरशासमोर उभे राहायचे नाही

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाने बाजारात कसे वागायचे, हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही. कायद्यानेच सगळे वेगळे होते. शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. मेम्फिसच्या प्राणिसंग्रहालयात काळ्या माणसांसाठी आठवड्यातून एकच दिवस राखलेला असे. आणि आम्हा कापडवाल्यांना लागण्यासारखी गोष्ट ही की दक्षिणेतल्या पुष्कळ मोठ्या दुकानांत काळ्या बाईला पोशाख विकत घेता येई, पण अंगाला लावून पाहता येत नसे. टोपी डोक्यावर घालून पाहायची नाही. पैसे द्या, घरी जा, बसली तर बसली. परत आणली तर घेणार नाहीत, कारण आता ती गोऱ्या बाईला कशी विकणार?

ज्याने काउंटरवर कापडाचा ठाण उलगडला आहे, त्याला यातला अपमान वेगळा समजावून सांगायला नको. आमच्याकडे गिऱ्हाईक कापड बोटांत चोळून पाहते, उजेडात धरून पाहते, खांद्यावर टाकून आरशात पाहते, आणि शेवटी न घेता उठून जाते. आम्ही मनात चरफडतो, पण तो त्याचा हक्क आहे हे मानतो. तिथे पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे 'आप', 'तुम' आणि 'तू' यांतला फरक पहिल्या इयत्तेतच कानाला लागतो. इंग्रजीत तो नाही, पण मिस्टर आणि मिसेस आहेत, आणि त्या दक्षिणेत गोरा माणूस काळ्याला ते लावत नसे. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यालाही नावाने हाक, नाहीतर 'बॉय'. तिथली गोरी वर्तमानपत्रे काळ्या विवाहित बाईच्या नावामागे मिसेस छापायलाही तयार नसत. काळ्यांच्या घरचे लग्न, बारसे, समारंभ यांना तर त्या पानांत जागाच नव्हती.

इतिहासाचे मास्तर माइकसमोर

फर्ग्युसन मेम्फिसचाच. पूर्वी दुसऱ्या स्टेशनवर नोकरी करताना त्याने बील स्ट्रीटवरच्या पॅलेस थिएटरात होणारे हौशी कलाकारांचे कार्यक्रम पाहिले होते. बील स्ट्रीट म्हणजे मेम्फिसच्या काळ्यांचा बाजार, पेठ, मोहल्ला, जे म्हणाल ते. त्या कार्यक्रमांचा सूत्रधार नॅट डी. विल्यम्स हा बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कुलात इतिहास शिकवणारा मास्तर होता. वर्तमानपत्रात सदर लिहायचा आणि स्टेजवर लोकांना हसवायचा. पुढे फर्ग्युसनच्या वाचनात एका काळ्या मासिकातला लेख आला. उत्तरेकडे काही काळे निवेदक रेडिओवर कसे चालतात, याबद्दल तो होता. त्याच्या डोक्यात तार जुळली.

२५ ऑक्टोबर १९४८ रोजी दुपारी नॅट डी. विल्यम्स माइकसमोर बसला. दक्षिणेतल्या स्टेशनवर, हा काळा माणूस आहे असे उघड सांगून बसवलेला तो पहिलाच निवेदक मानला जातो. कार्यक्रमाचे नाव 'टॅन टाउन जॅम्बोरी'. असे सांगतात की लाल दिवा लागला आणि मास्तर ठरवलेले सगळे विसरले. काहीच सुचेना म्हणून ते मोठ्याने हसले. ते गडगडाटी हसणे लोकांना इतके आवडले की पुढची चोवीसेक वर्षे तीच त्यांची ओळख झाली.

सगळ्यांना आवडले असे मात्र नाही. धमकीचे फोन आले, बाँबची धमकीही आली. गोऱ्या जाहिरातदारांना भीती की 'काळ्यांचा माल' असा शिक्का आपल्या मालावर बसेल आणि गोरे गिऱ्हाईक जाईल. ही भीती आम्हाला परकी वाटत नाही. अमुक वस्तीत माल ठेवला तर तमुक वस्तीतले गिऱ्हाईक तुटेल, असे सांगणारे शहाणे प्रत्येक बाजारात बसलेले असतात. फर्ग्युसन आणि पेपर यांनी आठवडा काढला, महिना काढला. मग पत्रे येऊ लागली, आणि ज्या छोट्या दुकानदारांनी हिंमत करून जाहिरात दिली होती त्यांच्याकडे गर्दी दिसू लागली. गल्ला भरू लागला की शहाण्यांची तोंडे आपोआप बंद होतात. १९४९ साल सरेपर्यंत स्टेशनने आपले सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी करून टाकले. सगळ्या अमेरिकेत असे करणारे ते पहिले स्टेशन. शहरात शेवटच्या क्रमांकावर असलेले हे दुकान पहिल्या क्रमांकावर आले.

इथे आम्ही आमचे मत नोंदवतो. फर्ग्युसन आणि पेपर हे समाजसुधारक नव्हते. बुडणारा धंदा वाचवायला त्यांनी हे केले, आणि फर्ग्युसनने ते कधी फारसे लपवलेही नाही. पण धंद्याच्या नजरेने का होईना, त्यांनी त्या दीड लाख माणसांकडे माणूस म्हणून पाहिले, जे शहरातल्या धर्मगुरूंनी आणि पुढाऱ्यांनीही केले नव्हते. नफ्यासाठी केलेली गोष्ट हलकीच असते, असे आम्हाला वाटत नाही. हेतू काय होता याचा हिशेब ज्याचा त्याने द्यावा. गिऱ्हाइकाला काय मिळाले ते पाहावे.

बॉयलरवाला निवेदक आणि टॉनिकची बाटली

माणसे कोण होती ते पाहा. नॅट डी. यांनी मास्तरकी सोडली नाही. सकाळी साडेसहाला 'कॉफी क्लब' नावाचा कार्यक्रम, आठ वाजता संपला की शाळा, दिवसभर तास, आणि दुपारी चारला पुन्हा माइक. रेडिओची नोकरी उद्या असेल-नसेल, मास्तरकीचा पगार पक्का, हा हिशेब साधा होता.

त्यांचाच विद्यार्थी रूफस थॉमस. याची हकीकत आम्हाला सगळ्यांत जवळची, कारण हा माणूस आमच्याच धंद्यातला. कापड ब्लीच आणि फिनिशिंग करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. ज्यांनी प्रोसेस हाउसचा बॉयलर पाहिला आहे, त्यांना तिथली उष्णता माहीत आहे. सकाळपासून दुपारपर्यंत पाळी, पाळी सुटली की धावत स्टेशनवर, आणि तिथे हसत, गात, यमके जुळवत लोकांची करमणूक. १९५३ साली त्याच्या एका गाण्याची तबकडी गाजली, देशभर नाव झाले, तरी त्याने कारखाना सोडला नाही. १९६३ साली दुसरे मोठे गाणे चालले, तेव्हा कुठे बावीसेक वर्षांची ती नोकरी सुटली. प्रसिद्धी ही रोजी नव्हे, हे त्याला चांगले समजले होते.

तिसरा माणूस पुढे जगप्रसिद्ध झाला. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात कापूस वेचलेला, नंतर तिथेच ट्रॅक्टर चालवणारा रायली किंग नावाचा तरुण गिटार घेऊन मेम्फिसला आला. ती वेळही लक्षात घ्या. १९४४ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या एका मोठ्या शेतावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळे पीक यंत्राने काढून दाखवण्यात आले होते. वेचणीचे यंत्र आले म्हणजे हजारो वेचणाऱ्या हातांची रोजी गेली. ती माणसे पोटासाठी मेम्फिसकडे, आणि पुढे शिकागोकडे निघाली. हातमाग गेला आणि यंत्रमाग आला तेव्हा कोणकोण कुठेकुठे गेले, हे मालेगाव-भिवंडीच्या वाचकांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

तर हा रायली स्टेशनच्या दारात आला. स्टेशनला तेव्हा पेप्टिकॉन नावाचे एक टॉनिक विकायचे होते. हॅडाकॉल नावाच्या लुइझियानातल्या टॉनिकचा बाजार जोरात होता, त्याला ही टक्कर. रायलीने पेप्टिकॉनची जाहिरात गाण्यातून करायची आणि त्या बदल्यात त्याला रोज दहा मिनिटे गायला मिळायची. पगार म्हणाल तर सुरुवातीला जवळजवळ नाही. पण रेडिओवर त्याला सांगता येई की आज रात्री मी अमुक गावी गाणार आहे. तिथून चार पैसे सुटत. शनिवारी टॉनिकवाल्यांची गाडी गावोगाव जाई, तिच्यावर उभा राहून तो गाई आणि बाटल्या विकल्या जात. त्या बाटलीत बारा टक्के दारूच होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे, तेव्हा इतक्या म्हाताऱ्या भाविक बायकांना ते टॉनिक का आवडत होते याचा उलगडा होतो. असो. बील स्ट्रीटचा 'ब्लूज बॉय' म्हणून त्याचे नाव पडले, त्याचे 'बी.बी.' झाले, आणि बी.बी. किंग २०१५ साली वारला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी होती.

बायकांचा कार्यक्रम विला मनरो नावाच्या बाईंकडे होता. १९४९ पासून त्या गृहिणींसाठी बोलत. स्वयंपाक, घर, आणि काळ्या समाजातल्या लग्नसमारंभांच्या बातम्या. गोरे वर्तमानपत्र ज्या बाईला नुसत्या नावाने छापत असे किंवा छापतच नसे, तिचे नाव इथे मानाने हवेवर घेतले जाई. यात खर्च किती? शून्य. आणि त्या बाईने दुसऱ्या दिवशी पीठ कोणत्या कंपनीचे घेतले असेल?

लोकांची खरी गरज मात्र गाण्यांपेक्षा वेगळीच होती. कोणाचे पाकीट हरवले, कोणाचे जनावर सुटले, कोणाचे नातेवाईक कुठल्या शहरात आहेत ते कळत नाही, कुठे मजूर पाहिजेत, कोणाला रक्त पाहिजे. या सगळ्या सूचना स्टेशन फुकट देत असे. ज्यांना पोलिस ठाण्याची पायरी चढायची भीती, ते रेडिओला कळवत. रविवारी 'ब्राऊन अमेरिका स्पीक्स' नावाची चर्चा होई. सूत्रधार नॅट डी., बोलणारे काळे वकील, डॉक्टर, धर्मगुरू, मास्तर. ज्या विषयांची चर्चा चौकात करायची सोय नव्हती, ती इथे, जपून का होईना, होत होती.

आमच्याकडे रेडिओ म्हणजे सरकारी. जाहिरातीचा रेडिओ आम्ही ऐकला तो सिलोनचा. बुधवारी रात्री दुकान आवरता आवरता वडील ट्रान्झिस्टरचा काटा फिरवायचे आणि अमीन सयानी साहेबांचा आवाज आला की गिऱ्हाइकालाही थांबायला सांगायचे. दात घासायच्या पेस्टवाल्याने गाण्यांच्या खांद्यावर बसून आपले नाव घराघरात कसे पोहोचवले, हे आम्ही त्या काउंटरवर बसून शिकलो. पण तो आवाज समुद्रापलीकडून यायचा. कुठल्या गल्लीत कोणाची गाय हरवली, हे त्याला ठाऊक नव्हते. मेम्फिसच्या स्टेशनला ते ठाऊक होते. पुढे काही वर्षांपूर्वी आम्हीही एका स्थानिक वाहिनीवर ईदच्या मालाची जाहिरात दिली होती. पैसे आगाऊ घेतले, आणि जाहिरात दाखवली रात्री एक वाजता. चौकशी केली तर म्हणाले, दाखवली की नाही? दाखवली खरी.

पन्नास हजार वॅट

१९५४ साली डब्ल्यूडीआयएला पन्नास हजार वॅटची परवानगी मिळाली. अमेरिकेत अशा स्टेशनला याहून जास्त ताकद मिळतच नाही. अडीचशेवरून पन्नास हजार, म्हणजे दोनशे पट. आता रात्रीही बोलता येऊ लागले. पहाटे चारला स्टेशन सुरू होई, कारण शेतावरचा मजूर तेव्हाच उठतो. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात खाली थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत आवाज जाऊ लागला. अमेरिकेतल्या दर दहा काळ्या माणसांतला एक आमच्या टापूत आहे, असे स्टेशन जाहिरातदारांना सांगे. एवढी मोठी पेठ समोर मांडल्यावर ज्या मोठमोठ्या कंपन्या नाक मुरडत होत्या, त्यांचे एजंट येऊ लागले.

त्याच सुमारास स्टेशनने 'गुडविल फंड' उभा केला. वर्षातून दोन मोठे जलसे होत, त्यांत नामवंत गायक गात आणि तिकिटांचा पैसा फंडात जाई. त्या फंडातून पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे अपंग काळ्या मुलांना शाळेत नेणारी बस. गोऱ्या अपंग मुलांना ने-आण करायची सोय शहरात होती, काळ्या मुलांना नव्हती. मुलांचे खेळाचे संघ आणि अनाथ मुलांसाठी घर यांवरही पैसा गेला. १९५६ च्या डिसेंबरात अशाच एका जलशाला एल्व्हिस प्रेस्ली हा गोरा तरुण गायक आला होता. तो गायला नाही, नुसता स्टेजवर दिसला, तरी पोरीबाळी धावल्या. काळ्यांच्या गाण्यावर गोऱ्याने पैसा केला, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेही खरे.

गाण्याच्या धंद्यातली एक गोष्ट इथेच सांगतो, भागीदारीत पडणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. स्टेशनचा कार्यक्रम प्रमुख डेव्हिड जेम्स मॅटिस हा गोरा माणूस. त्याने १९५२ साली 'ड्यूक' नावाची तबकड्यांची कंपनी काढली. स्टुडिओ स्टेशनचाच, गायक स्टेशनच्या आसपासचेच. जॉनी एस नावाच्या तरुणाचे पहिलेच गाणे धडाक्यात चालले. आता गंमत पाहा. माल चालला की अडचण येते. हजारो तबकड्या छापायच्या, गावोगाव पाठवायच्या, आणि दुकानदार पैसे देणार तीन महिन्यांनी. मॅटिसकडे ना भांडवल ना वितरण. म्हणून त्याने ह्यूस्टनच्या डॉन रोबी या काळ्या व्यापाऱ्याला भागीदार घेतले. रोबीकडे दोन्ही होते. वर्षभरात सगळी कंपनी रोबीची झाली. माल तयार करणाऱ्यापेक्षा माल पोचवणारा मोठा होतो. आमच्या कारागीर बंधूंना हे आम्ही सांगायला हवे असे नाही.

गल्ल्यावर कोण बसले होते

आता मूळ प्रश्नाकडे. माइकसमोर सगळे काळे होते. पण मालक गोरे, जाहिराती गोळा करणारे गोरे, यंत्र चालवणारे सुरुवातीला गोरे. निवेदकाने खूण करायची आणि काचेपलीकडच्या गोऱ्या ऑपरेटरने तबकडी लावायची. १९५७ साली पेपर आणि फर्ग्युसन यांनी स्टेशन सॉन्डरलिंग नावाच्या माणसाच्या कंपनीला विकले. ज्याला विकायची पाळी आली होती ते दुकान दहा वर्षांत मोठ्या किमतीला गेले. ती किंमत कोणी वाढवली होती? अडीचशे वॅटच्या यंत्राने नव्हे. नॅट डी.च्या हसण्याने, रूफसच्या धावपळीने, विला मनरोच्या जिभेवरच्या अदबीने. पण विक्रीच्या कागदावर त्यांच्यापैकी कोणाचीही सही नव्हती.

मालकीचा रस्ता दुसऱ्या एका माणसाने आधीच दाखवला होता, आणि तो हिशेबनीस होता. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात जेसी ब्लेटन हे प्राध्यापक होते, आणि १९२८ साली त्या राज्यात हिशेबनिसाची सरकारी परीक्षा पास झालेले पहिले काळे गृहस्थ. काळ्यांच्या पतपेढ्या आणि बँका यांच्याशी त्यांचा जवळचा संबंध. १९४९ साली त्यांनी डब्ल्यूईआरडी हे एक हजार वॅटचे स्टेशन पन्नास हजार डॉलरला विकत घेतले. काळ्या माणसाच्या मालकीचे अमेरिकेतले हे पहिले रेडिओ स्टेशन. ते ऑबर्न अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत वरच्या बाजूला होते, आणि खाली १९५७ नंतर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय आले. किंग यांना काही जाहीर करायचे असले की खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे आणि वरून माइक खाली सोडला जाई, अशी गोष्ट तिथे सांगतात. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. पण माइक कोणाला द्यायचा हे वरच्या मजल्यावर कोणाला विचारावे लागत नव्हते, यात शंका नाही. मेम्फिसच्या मास्तरांना शब्द तोलून बोलावे लागे. जाहिरातदार, मालक आणि शहराचा कारभारी, तिघांकडे एकेक डोळा ठेवून.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्लेटन यांचे स्टेशन दिवसाचे आणि एक हजार वॅटचेच. डब्ल्यूडीआयएच्या पन्नास हजार वॅटपुढे ते गल्लीतले दुकान. ज्याच्याकडे भांडवल त्याचा आवाज लांब जातो, आणि ज्याचा आवाज स्वतःचा त्याच्याकडे भांडवल नाही. ब्लेटन यांनी १९६८ साली ते विकले. मेम्फिस शहरात, जिथे काळ्यांच्या रेडिओचा जन्म झाला, तिथे काळ्या माणसाच्या मालकीचे पहिले स्टेशन व्हायला १९७७ साल उजाडले. आर्ट गिलियम यांनी तेव्हा डब्ल्यूएलओके विकत घेतले. डब्ल्यूडीआयए १९८० च्या दशकात काही काळ रेगन हेन्री या काळ्या उद्योजकाकडे होते. १९९६ साली ते एका बड्या साखळीकडे गेले, आणि तीच साखळी आता आयहार्टमीडिया या नावाने त्याची मालक आहे.

१९६८ साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला. १ फेब्रुवारीला पावसात आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले, तेव्हा ठिणगी पडली. सुमारे तेराशे कामगार बाहेर पडले. त्यांच्या हातातल्या पाट्यांवर एवढेच लिहिले होते की मी माणूस आहे. किंग त्यांच्या पाठिंब्यासाठी शहरात आले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली. गावागावांत आगी लागल्या. मेम्फिसमध्ये लोकांना शांत राहायला सांगायचे काम डब्ल्यूडीआयएच्या आवाजांवर आले, कारण त्या रात्री दुसऱ्या कोणाचे ऐकायला कोणी तयार नव्हते.

ते लॉरेन मोटेल वॉल्टर बेली या काळ्या व्यापाऱ्याचे. ज्या काळात काळ्या गायकांना, वकिलांना, पाहुण्यांना गोऱ्या हॉटेलात खोली मिळत नसे, त्या काळात ते इथे उतरत. किंग यांना गोळी लागली त्या दिवशी बेलींच्या पत्नीला झटका आला आणि किंग यांच्या दफनाच्या दिवशी ती वारली. ती खोली बेलींनी पुढे कधी भाड्याने दिली नाही. बाकीचा धंदाही हळूहळू बसला. इतर हॉटेले सर्वांना उघडी झाल्यावर कोण येणार? कर्ज थकले आणि १९८२ च्या डिसेंबरात मोटेल लिलावात निघाले. ते वाचवायला जी मंडळी उभी राहिली, त्यांत डब्ल्यूडीआयएचे तेव्हाचे मॅनेजर चक स्क्रग्ज होते. आता मॅनेजर काळा झाला होता. स्टेशनवरून लोकांना पैसे देण्याचे आवाहन झाले. कोणी पाच डॉलर दिले, कोणी एक. कामगार संघटनेने दिले, आणि कमी पडले तेव्हा ट्राय-स्टेट या काळ्यांच्या बँकेने कर्ज दिले. कोर्टाच्या पायऱ्यांवर बोली लागली आणि १ लाख ४४ हजार डॉलरला मोटेल त्यांच्या हाती आले. १९९१ साली तिथे संग्रहालय उघडले. बेली ते पाहायला राहिले नव्हते.